सोमवारच्या टेपा

१४ नोव्हेंबर १९७७, सोमवार

मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीचं पत्र आलं. इंग्रजीत होतं, म्हणून इथं सोलापुरात सात रस्ता चौकातल्या टायपिंगवाल्याकडून वाचून घेतलं. मानसिंगनं सहा वर्षांपूर्वी माझ्या खोलीत गिटारवर वाजवलेल्या आठ चिजा त्यांना रेकॉर्डवर आणायच्या आहेत. मानसिंग आता मुंबईत मोठा वादक झाला आहे, रॉक म्हणतात त्या संगीतातला. कॉलेजची पोरं त्याचा फोटो वहीत ठेवतात म्हणे. पण कंपनीकडं एक तक्रार गेली आहे की आठांतल्या चार चिजा त्याच्या हातच्या नाहीतच. ध्वनिमुद्रण मी केलं, तेव्हा वाजवणारा कोण होता ते मी लेखी सांगावं आणि मूळ टेपा पाठवाव्यात, असं पत्रात आहे.

मला वाटलं, यात सांगायचं काय? डब्यांवर माझ्याच अक्षरात नाव आहे. पण संध्याकाळी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी बसलो तेव्हा लक्षात आलं की त्या दिवसांतलं मला फारसं आठवत नाही. म्हणून ही वही. मंद्रूपच्या शाळेत आमचे गुरुजी सांगायचे, जे लिहायला जड जातं ते आधी लिहा. कवितेच्या उत्तरांबद्दल सांगायचे, पण मला ते इतर बाबतींतही उपयोगी पडलं आहे.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

आठही डबे फडताळातून काढून पुसले. चारांवर मंगळवार-शुक्रवारच्या तारखा आहेत. उरलेले चार १९७१ चे: २६ जुलै, २ ऑगस्ट, ९ ऑगस्ट, १६ ऑगस्ट. चारही सोमवार, श्रावणातले. गिटार मानसिंग, ड्रम ईरप्पा. तक्रार याच चारांबद्दल आहे.

माझी एक रीत आहे. कोऱ्या टेपेच्या डब्याला विभूतीचं बोट लावायचं, तारीख, वार आणि वादकाचं नाव लिहायचं, आणि मगच यंत्र सुरू करायचं. नाव आधी लिहिलं की काम निर्विघ्न होतं असं मी मानत आलो. लिहिलेलं नाव खरं की खोटं, हा प्रश्न मनात कधी आलाच नाही.

श्रावणी सोमवारी मी पाचला खोली सोडतो आणि आरती करून आठला परत येतो. खोली म्हणजे सायकलच्या दुकानावरची, भिंतींना पोती आणि गोधड्या ठोकलेली. त्या चार सोमवारी यंत्र शरणप्पाकडं होतं. शरणप्पा माझा मुलगा, तेव्हा वीस वर्षांचा. टेप मी चढवून जायचो, येऊन मी उतरवायचो. मधलं त्यानं सांभाळलं.

दुपारी चारही टेपा ऐकल्या. हे संगीत मला कळत नाही, पण हात कळतो. इतर दिवसांचा हात चलाख आहे, सारखा पुढं पळतो. सोमवारचा हात थांबतो. सूर लावतो आणि तो विझेपर्यंत वाट पाहतो. एकाच माणसाचे दोन स्वभाव असतात, असं मी स्वतःशी म्हटलं.

एक दोष मात्र तसाच आहे. दोन सुरांमधल्या शांततेत बारीक ठोका ऐकू येतो, पोकळ लाकडावर काहीतरी टेकल्यासारखा. त्या वेळी मी यंत्राची हेडं, टेप जिथं घासून आवाज उचलला जातो ती, तीनदा पुसली होती, पट्टा बदलला होता. दोष फक्त सोमवारच्या टेपांत का, ते कळलं नव्हतं. छताचा पंखा असावा.

१९ नोव्हेंबर, शनिवार

शरणप्पाशी घरात बोलणं होत नाही. तो गिरणीत लूमखात्यात आहे, शेकडो मागांच्या खडखडाटात, सहा वर्षं झाली. आज पहाटे भोंगा वाजला. त्या भोंग्यानं अर्धं गाव उठतं, हा झोपून. शेवटी हेमावतीनं, माझ्या सुनेनं, हलवून उठवलं. मी दारातून म्हटलं, "वेळेवर उठत जा." तो पाठमोरा चूळ भरत होता. हूं नाही की चूं नाही.

हा अबोला एकदम आला नाही. आधी तो एका हाकेला ओ देत नव्हता, मग दोन हाकांना. आता मी हाकच मारत नाही. वर रेडिओ इतका मोठा लावतो की कपाटाची काच थरथरते. ज्यानं आयुष्यभर आवाज जपला त्याच्या घरात हे. परवा मी बटण फिरवून बेतानं कमी केलं, तर त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी रेडिओ बंदच केला.

हेमावती अक्कलकोटकडची. त्याच्याशी बोलायचं तर ती पुढ्यात जाऊन उभी राहते, कधी खांद्याला हात लावते, सासऱ्यासमोर. माझी बायको काशम्मा असती तर तिनं चार गोष्टी सांगितल्या असत्या. मी पुरुषमाणूस, काय बोलणार?

२६ नोव्हेंबर, शनिवार

ईरप्पा आला. तो आता लग्नाच्या बँडचा मालक आहे. बाळे गावातली वरात आटोपून जरीच्या टोपीसकटच जिना चढला.

"अण्णा, तक्रार मीच केलीय. मागनं कळायला नको म्हणून सांगतो."

"तुला काय मिळणार त्यातनं?"

"मला काय मिळतंय? ड्रम माझेच हायत, त्यावर भांडण न्हाय. पण त्या चार सोमवारी मी हितं आत बसलो हुतो की. मानसिंग न्हवता."

"मग कुठं होता?"

"रेल्वेच्या क्लबात. सोमवारी तितं गोऱ्या पद्धतीचा नाच असायचा, बँडला जेवण मिळायचं. हितं काय, तुमचा पातळ च्या."

"मग वाजवलं कोणी?"

त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आत तिघंच असायचो अण्णा. मी, तुमचं यंत्र, आन् यंत्रापाशी बसलेला. यंत्र काय गिटार वाजवत न्हाय."

मी म्हटलं, "ईरप्पा, ऊठ तू."

"उठतो की. पण घरात इचारा एकदा. त्येचा हात मी इसरलेलो न्हाय. रोज वराती वाजवतो, तवा तर जास्तच आटवतो."

तो गेल्यावर जिन्यात अत्तराचा आणि घामाचा वास बराच वेळ होता.

२७ नोव्हेंबर, रविवार

जे जड जातं ते लिहितो.

१९७१ च्या महाशिवरात्रीला मी शरणप्पाला सिद्धेश्वराच्या देवळात नेलं. तो इंटरला नापास झाला होता. काशम्मा अंथरुणाला खिळलेली. आणि हा मानसिंगबरोबर गिटार घेऊन फिरायचा. ते वाद्य हॉटेलात वाजतं, दारूच्या वासात वाजतं. मी त्याला गाभाऱ्यासमोर उभं केलं. आम्हा लिंगायतांच्या गळ्यात इष्टलिंग असतं, चांदीच्या डबीत, जन्मापासून मातीत जाईपर्यंत. ती डबी त्याच्या मुठीत धरायला लावली आणि म्हणवून घेतलं की या वाद्याला पुन्हा हात लावणार नाही. त्यानं माझ्याकडं पाहतच म्हटलं. मी म्हटलं, यंत्राचं काम शीक, यंत्राला हात लाव, वाद्याला नाही.

दसऱ्यानंतर गिरणीत चिकटला. त्यानंतर मी त्याच्या हातात ते वाद्य पाहिलं नाही. आयुष्यात मी फार काही मिळवलं नाही. पण माझ्या मुलानं लिंगावरची शपथ पाळली, हे मी देवासमोर उभा राहताना रोज मनात ठेवून उभा राहतो. ईरप्पाचं म्हणणं खरं मानायचं तर ते जातं. पाच महिन्यांत मोडलेली शपथ, तीही नेमकी मी आरतीला उभा असताना.

म्हणून ईरप्पा खोटं बोलतो आहे.

११ डिसेंबर, रविवार

मानसिंग स्वतः आला, मुंबईहून, घरी. केस मानेपर्यंत, डोळ्यांवर काळा चष्मा, पण वाकून पाया पडला तो जुन्यासारखाच. माझ्यासाठी शाल, हेमावतीला साडी.

"अण्णा, त्या चारांवरच सगळं अडलंय. लोक माझं आताचं वाजवणं ऐकतात आन् म्हणतात, सोलापूरचं ऐकवा. कंपनीला त्याच पायजेत. त्या माझ्या न्हायत असं ठरलं तर पुढचा करारबी गेला." उजव्या हाताची बोटं तो सारखी दाबत होता. कुठलीशी शीर धरली आहे म्हणे, पूर्वीसारखं चालत नाही.

मी सरळ विचारलं, "ते तूच वाजवलंस ना?"

तो म्हणाला, "डब्यावर काय लिवलंय तुमी?"

"तुझं नाव."

"मग झालं की."

एवढ्यात शरणप्पा पाळी संपवून आला. केसांत कापसाचं पांढरं भुसकट. मानसिंग उठला आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाला. शरणप्पा त्याच्या तोंडाकडं पाहत राहिला. मानसिंग पुन्हा म्हणाला. शरणप्पा हसला, मान हलवली आणि आत गेला. एवढ्या वर्षांनी दारात आलेल्या मित्राशी एक शब्द नाही. मला शरम वाटली.

मानसिंग बराच वेळ आतल्या दाराकडं पाहत होता. चष्मा काढला होता. मग मला म्हणाला, "कधीपासनं अण्णा?"

"काय कधीपासून?"

"काय न्हाय." चप्पल घालताना तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "मग तर त्याला आता त्या टेपांचा काय उपेग? तुमीच सांगा. माझा तरी होईल."

गिरणीतल्या नोकरीबद्दल म्हणत असावा. मला ते बोलणं आवडलं नाही, पण खोटंही म्हणता येईना.

१३ डिसेंबर, मंगळवार

लिहून दिलं. टायपिंगवाल्यानं इंग्रजी करून दिलं, खाली मी मराठीत सही केली: आठही मुद्रणे माझ्या समक्ष झाली व गिटार मानसिंग यांनी वाजवली.

'समक्ष' या शब्दापाशी थांबलो होतो. पण खोली माझी, यंत्र माझं, टेप चढवली मी, उतरवली मी. आरतीत उभा असतानाही माझं अर्धं मन टेप पुरेल की नाही यातच असायचं. मग समक्ष नाही तर काय?

संध्याकाळी देवळात गेलो. विभूती पुसून दोनदा लावली.

२३ डिसेंबर, शुक्रवार

आठ दिवस एकच काम. टेपा द्यायच्या तर स्वच्छ द्यायच्या. मुंबईचे लोक म्हणतील, सोलापूरच्या माणसाला यंत्र राखता येत नाही. म्हणून सोमवारच्या टेपांतले ते ठोके काढायला घेतले.

टेप हातानं मागं-पुढं फिरवून ठोका नेमका हेडपाशी आणायचा, पिवळ्या पेन्सिलीनं खूण करायची, ब्लेडनं तिरकं कापायचं, तेवढा तुकडा काढून दोन्ही टोकं चिकटपट्टीनं जोडायची. तुकडा बोटाच्या दोन पेरांएवढा, शांतता इतकी थोडी कमी होते की कानाला कळत नाही. या जिल्ह्यात इतक्या सफाईनं टेप जोडणारा दुसरा कोणी नाही, हे मी गर्वानं नाही, पण लिहून ठेवतो.

चव्वेचाळीस ठोके निघाले. एकेचाळीस काढले. तीन सुराच्या पोटात होते. तिथं ब्लेड लावलं तर सूर तुटतो, म्हणून ते राहू दिले. कापलेले तुकडे काडेपेटीत ठेवले. मुद्रण झालेली टेप, कितीही लहान, मी केरात टाकत नाही.

काम करताना त्या वाजवणाऱ्याची सवय कळली. सूर संपला की तो पुढं वाकतो, कान वाद्यापाशी नेऊन सूर विझताना ऐकतो. आणि बरोबर तेव्हाच ठोका येतो.

२८ डिसेंबर, बुधवार

टेपा आणि निवेदन रजिस्टरनं रवाना केलं. परतताना वाटलं होतं, मोकळं वाटेल.

१५ जानेवारी १९७८, रविवार

सिद्धेश्वराची यात्रा. नंदीध्वजांच्या उंच काठ्यांची मिरवणूक पाहायला गेलो, सगळे मिळून. होम मैदानाकडं जाताना मागून टांगेवाला ओरडत होता, घंटा बडवत होता, लोक बाजूला पळाले. शरणप्पा रस्त्याच्या मधोमध तसाच चालत राहिला. हेमावतीनं दंडाला धरून ओढलं तेव्हा घोड्याचा फेस त्याच्या सदऱ्याला लागला. इतका बेफिकीर माणूस.

नंदीध्वजासमोर हात जोडले. दरवर्षी माझा मुलगा, माझ्या मुलाची शपथ, असं मनात येतं. यंदा 'समक्ष' एवढाच शब्द आला.

२३ जानेवारी, सोमवार

आज सकाळी लवकर खोलीवर आलो. घरी पाणी नव्हतं, म्हणून इथंच अंघोळ केली आणि इथंच लिंगपूजा केली. पूजा झाल्यावर डबी गळ्यात घातली, सदरा अजून खुंटीवर होता.

काडेपेटी समोर होती. मनात काय आलं कुणास ठाऊक, ते एकेचाळीस तुकडे एकाला एक जोडले. दीड तास लागला. जेमतेम चार हात टेप झाली. ती चढवून वाजवली. सूर नाही, काही नाही, नुसते ठोके. टक्, टक्, टक्. माळ ओढल्यासारखे. चार-पाच सेकंदांत संपले.

यंत्र बंद करायला पुढं वाकलो. माझ्या गळ्यातली डबी यंत्राच्या पोकळ प्लायवूडच्या पेटीवर टेकली.

टक्.

मी पुन्हा वाकलो. पुन्हा तोच आवाज. चांदीची डबी, आत लिंग, आणि खाली पोकळ लाकूड. तीस वर्षं आवाजाचं काम करतो. पंख्याचा म्हणालो, पट्ट्याचा म्हणालो, हेडांचा म्हणालो. माझ्या स्वतःच्या छातीवरचा आवाज मला ओळखता आला नाही.

मानसिंग रजपूत. त्याच्या गळ्यात डबी नाही. ईरप्पाच्या गळ्यात आहे, पण तो ड्रमपाशी.

शरणप्पा सूर विझताना ऐकायला वाकायचा. ज्या लिंगावर हात ठेवून मी त्याला नको म्हणायला लावलं, ते लिंग प्रत्येक वेळी त्या वाद्याला टेकायचं. चव्वेचाळीस वेळा. तो शपथ मोडत होता की आणखी काही करत होता, ते मला सांगता येत नाही. ऐकताना मात्र त्यात पाप ऐकू येत नाही. मी फार प्रयत्न करून पाहिला.

आणि त्यातले एकेचाळीस मी ब्लेडनं कापून काढले. खोटी सही केली ती वेगळीच.

आज देवळात गेलो नाही.

२४ जानेवारी, मंगळवार

कंपनीला पत्र लिहिलं. मराठीतच लिहिलं, त्यांनी वाचून घ्यावं. त्या चार सोमवारी मी हजर नव्हतो, गिटार माझा मुलगा शरणप्पा यानं वाजवली, टेपांत तीन जागी ठोका शिल्लक आहे, तो त्याच्या गळ्यातल्या लिंगाचा आहे. पाकीट चिकटवलं नाही. नाव त्याचं आहे, तर हो-नाही त्यानं म्हणायचं. एकदा त्याच्या तोंडून मी वदवून घेतलं आहे, दुसऱ्यांदा न विचारता लिहायचा मला अधिकार नाही.

तो दुसऱ्या पाळीला होता, म्हणून सकाळी अंगणात सायकल उलटी करून साखळीला तेल देत बसला होता. मी त्याच्या पाठीमागं ओट्यावर बसलो. समोर जाऊन बोलायचं धैर्य झालं नाही, हे खरं.

मी म्हटलं, "शरणप्पा, मला कळलंय. सोमवारच्या टेपांत तू आहेस."

तो पायडल फिरवत राहिला.

"शपथ मी घालायला नको होती. मानसिंगच्या नावानं सही केली, ती चूक झाली. हे पत्र लिहिलंय, तुझं नाव घातलंय. टाकू का पोस्टात?"

चाक फिरत होतं. मी पुन्हा म्हटलं, "तू सांगशील तसं करतो. टाकू का?"

त्यानं चाक हातानं थांबवलं. साखळी पाहिली. फडक्याला हात पुसले, उठला आणि माझ्याकडं न बघता आत गेला.

एवढं स्पष्ट उत्तर मला आयुष्यात कोणी दिलं नव्हतं.

हेमावती दारात उभी होती. तिनं किती ऐकलं माहीत नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली, "मामा, तुमी सदा त्यांच्या पाठीमागनं बोलता. एकदा समोर बसून बोला की."

मी म्हटलं, "जे बोलायचं ते झालं पोरी."

"न्हाय झालं, मामा."

"आता त्याला छळू नको," मी म्हटलं. ती काही म्हणणार होती. आतून शरणप्पानं तिला हाक मारली, नेहमीसारखी ओरडूनच, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतकी. ती गेली.

पत्र या वहीत ठेवलं आहे. त्याच्या शब्दाविना टाकणार नाही.

६ फेब्रुवारी, सोमवार

चौदा दिवस वाट पाहिली. तो काही बोलला नाही. कंपनीचं कळवणं आलं की निवेदन पावलं, तक्रार निकालात काढली, टेपा 'अतिशय स्वच्छ' आहेत.

ईरप्पा सात रस्त्यावर भेटला. माझ्याकडं बघून त्यानं फक्त टोपी नीट केली.

१९ जून, सोमवार

इतके महिने वहीला हात लावला नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

रेकॉर्ड आली. नव्या पेठेतल्या रेडिओच्या दुकानदारानं निरोप पाठवला, कारण वेष्टणावर सोलापूर लिहिलेलं आहे. मानसिंगचा मोठा फोटो, आठही चिजांपुढं त्याचं नाव. पाठीमागं अगदी खाली बारीक अक्षरात आभार, त्यात माझं नाव. ज्याचं असायला हवं होतं त्याचं नाही, माझं आहे.

शरणप्पाची पहिली पाळी होती. तीन वाजता मी गिरणीच्या फाटकाशी उभा राहिलो. भोंगा झाला, माणसं बाहेर आली. मी वेष्टण त्याच्या हातात दिलं. त्यानं ते उन्हात धरून दोन्ही बाजूंनी वाचलं. बोट माझ्या नावापाशी थांबलं. तो माझ्याकडं बघून हसला. माझ्याशी असं हसून किती वर्षं झाली होती. मी त्याला दंडाला धरून दुकानात नेलं. सोमवार होता, देवळाची वेळ होत आली होती. गेलो नाही.

दुकानात शिसवी लाकडाचा मोठा रेडिओग्राम आहे, रेडिओ आणि रेकॉर्डचं यंत्र एकाच पेटीत. दुकानदारानं रेकॉर्ड लावली, सोमवारच्या चार चिजांची बाजू. शरणप्पा चालत जाऊन अगदी त्याच्यापाशी उभा राहिला आणि डावा तळवा त्याच्या लाकडावर ठेवला, कर्ण्याच्या जाळीच्या खाली. थकला होता, टेकला असेल. मी मागं स्टुलावर बसलो.

पहिल्या सोमवारची चीज सुरू झाली. तो हात थांबतो, वाट पाहतो. शांतता स्वच्छ होती, मी केलेली. शरणप्पा हलला नाही. पहिला ठोका आला, सुराच्या पोटात, कोणाला कळणार नाही इतका. मग दुसरा. तिसऱ्या सोमवारच्या चिजेत तो शेवटचा लांब सूर आहे, अगदी खालचा, जड, त्यात तिसरा. त्या सुराला लाकूड घुमलं. शरणप्पाचा उजवा हात वर गेला आणि सदऱ्यावरून छातीवरच्या डबीवर येऊन थांबला.

मी मागून म्हटलं, "शरणप्पा, तीन राहिलेत बघ. तेवढे मी काढले नाहीत."

त्यानं वळून पाहिलं नाही. मी पुढं बोललो नाही. दुकानात त्या वेळी तिसरं गिऱ्हाईक नव्हतं, बोलता आलं असतं.

चौथी चीज झाली, बाजू संपली. सुई आतल्या रेघेत जाऊन घासत राहिली. दुकानदार चहा सांगायला बाहेर गेला होता. खर्र, खर्र, एवढाच आवाज. शरणप्पा तसाच उभा होता, डोळे मिटून, तळवा लाकडावर दाबून, पुढची चीज येईल म्हणून थांबावं तसा. मीही त्याला हाक मारली नाही.